चौदा तासांवरची लेक

टेपकाकांच्या गळ्यात टेप नाही, असं दृश्य त्यांच्या बायकोनेही क्वचितच पाहिलं होतं. पडद्यांचं दुकान म्हटल्यावर टेप लागणारच. पण हा माणूस जेवायला बसतानाही तो काढून ठेवत नसे. डॉक्टरकडे गेला तरी गळ्यात टेप. जणू वाटेत कुणीतरी हात धरून म्हणणार होतं, अहो, थांबा, आमच्या खिडकीचं माप सांगून जा. तसं कुणी कधी म्हटलं नाही. तरी गल्लीत त्यांचं नाव टेपकाका पडलं, आणि ते त्यांना पदवी मिळाल्यासारखं वाटायचं. यावरून माणसाची समज काय ती कळावी.

दुकान लांबट आणि अरुंद. एका भिंतीला कापडाचे ताके उभे, मध्ये कापायचं टेबल, टेबलाच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलेली, आणि अगदी मागे, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो तिथे, शिलाई मशीन. मशीनवर काकू. गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या, त्याच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि आल्यावर त्याबद्दल तासभर बोलायचं, हे काकांचं काम. कापड कापायचं, चुण्या घालायच्या, अस्तर जोडायचं, हुक बसवायचे, इस्त्री फिरवायची, हे काकूंचं. पाटीवर नाव अर्थातच काकांचं होतं.

"माप म्हणजे माप," काका येताजाता म्हणायचे. "त्यात माझं-तुझं नसतं."

गंमत अशी की काकांचं माप चुकायचं. नेहमी नाही, पण बऱ्याचदा. बोलण्याच्या नादात टेप तिरका धरायचे, किंवा खिडकीच्या दांडीपासून मोजायचं ते चौकटीपासून मोजायचे. काकूंच्या हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी लक्षात आलं. त्यांनी वाद घातला नाही. त्या प्रत्येक पडद्याच्या खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्त ठेवू लागल्या. पडदा तोकडा निघाला की गुपचूप दुमड उसवायची, खाली सोडायची, पुन्हा टीप मारायची. गिऱ्हाईक खूश, काका खूश. आपलं माप आयुष्यात एकदाही चुकलं नाही, असं काका छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि सांगताना ते खोटं बोलत नसायचे. त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. नवऱ्याला मूर्ख ठरवण्यापेक्षा दुमड सोडणं सोपं, असा काकूंचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात त्यांचं सगळं तारुण्य गेलं.

एकुलती एक लेक लग्न करून दूरदेशी गेली तेव्हा काकांनी टेपाच्या जोडीला मोबाइल हातात घेतला. कुणीतरी त्यांना एक पान दाखवलं होतं. दोन विमानतळांची नावं टाकायची, की त्यांच्यामधलं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ समोर हजर. काकांनी इथलं नाव टाकलं, लेकीच्या शहराचं टाकलं. नकाशावर एक सुरेख कमान उमटली आणि खाली आकडा आला. चौदा तास.

झालं. त्या दिवसापासून काकांची लेक चौदा तासांवर राहायला गेली.

आता, त्या दोन विमानतळांमध्ये सरळ जाणारं विमान कुठल्याही कंपनीने कधी सोडलेलं नव्हतं. ते पान बिचारं एवढंच सांगत होतं की मध्ये काही नसतं, थांबायचं नसतं, बदलायचं नसतं, तर इतका वेळ लागला असता. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. पण बारीक अक्षरं वाचतील तर ते काका कसले. समोरच्या कुलूपवाल्याला ते रोज मोबाइल दाखवायचे. कुलूपवाला चाव्या घासता घासता मान डोलवायचा, कारण मान डोलवली की काका लवकर जातात हे त्याला कळलेलं होतं.

"आमची पोर काही लांब नाही. रात्री झोपायचं, उठायचं, चहा घ्यायचा, की पोचलो."

लेक फोनवर सांगायची, "बाबा, दोन वेळा विमान बदलावं लागतं. मध्ये तासन्‌तास बसावं लागतं. दाराला कुलूप लावल्यापासून तुमच्या दारात येईपर्यंत दीड दिवस जातो माझा."

"अगं, पण अंतर तेवढंच आहे ना? की तुझ्यासाठी कुणी ताणून ठेवलंय?"

"अंतर तेवढंच आहे, बाबा."

"मग झालं तर!" काका म्हणायचे, आणि फोन काकूंकडे न देताच ठेवून द्यायचे.

काकू घरी, ओट्याशी, त्यांना एकदा म्हणाल्या होत्या, "चार फुटांच्या खिडकीला गिऱ्हाइकाकडून आठ फूट कापड मागता ना? चुण्यांना लागतं म्हणून सांगता. मग पोरीच्या रस्त्याला चुण्या नसतील का?"

"पडद्याचं वेगळं," काका म्हणाले. स्वतःच्या धंद्यातली गोष्ट दुसरीकडे लावून बघायची म्हणजे डोकं चालवावं लागतं, आणि तो त्रास त्यांनी जन्मात कधी घेतला नव्हता. काकूंनीही विषय सोडून दिला. घरात चार शब्द बोलून मोकळं व्हायचं आणि चारचौघांत गप्प राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मग सासूबाई आजारी पडल्या. म्हणजे काकांची आई. लेकीवर तिचा भारी जीव. फोन गेला त्याच दिवशी लेक मिळेल त्या विमानाने निघाली, आणि पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दारात चपलांचा ढीग, बैठकीच्या खोलीत नातेवाईक दाटीवाटीने बसलेले. लेक उंबऱ्यात उभी, हातात बॅग, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चौदा तासांचा रस्ता. दीड दिवस लावला. यायचंच नसलं की असं होतं."

कुणीतरी चुकचुकलं. एका आत्याने, हल्लीच्या मुलींना काय, असं काहीसं पुटपुटून घेतलं. लेकीने वडिलांकडे पाहिलं नाही. ती आईकडे बघत राहिली. काकूंच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि आणखी कप आणायला म्हणून आत निघून गेल्या.

लेक तीन दिवस राहिली आणि परत गेली. त्यानंतर ती आली नाही. फोन यायचे, पण ते कामापुरते. काका गल्लीत सांगायचे, "माणसाला ओढ पाहिजे. चौदा तास म्हणजे काय फार नाही." हे ऐकलं की काकू मशीनचा वेग वाढवायच्या.

चार वर्षांनी लेकीचा फोन आला तो काकूंच्या मोबाइलवर. दिवस राहिले होते. काहीतरी अडचण होती, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख आधीच ठरवून दिली होती: गुरुवार, सकाळी. जावई लांब एका धरणाच्या कामावर. त्याला सुट्टी मिळणार होती ती बाळ झाल्यावर. लेकीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"आई, मला भीती वाटते गं. आत नेतील त्याच्या आधी तू पाहिजेस. बाकी काही नको."

"येते," काकू म्हणाल्या. "माझ्या हाताने तुला आत सोडते. तू काळजी करू नकोस."

इतका ठाम शब्द त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. त्याच दिवशी त्यांनी मऊ कापडाची दुपटी बेतायला घेतली. आठवडाभर आधी जाऊन राहायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण बातमी काकांच्या कानावर गेली आणि सूत्रं त्यांच्या हातात गेली. "आपण दोघं जाऊ," त्यांनी जाहीर केलं. "आठवडाभर आधी कशाला? लोकांच्या घरी उगाच पडून राहायचं? गुरुवारी सकाळी काम आहे, बुधवारी निघू. चौदा तासांचा तर प्रश्न आहे."

तिकिटं काढायला दोघं गेले. तिकीटवाली बाई चष्मा डोक्यावर चढवून बसली होती. तिने दोनदा विमान बदलायचा, पण मधे भरपूर वेळ असलेला प्रवास दाखवला. "सोमवारी निघा," ती म्हणाली. "मंगळवारी रात्री आरामात पोचाल. सगळं एकाच तिकिटात आहे, काही चुकलं तर कंपनी बघेल."

"मधे पाच तास, सहा तास बसून काय करायचं?" काकांनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "हे बघा. चौदा. तुम्ही लोक उगाच वाढवता. ते मधले तास कापा."

पडद्याचं कापड कापावं तसे तास कापायला निघालेला माणूस तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. ती समजावत राहिली. काका ऐकेनात. शेवटी तिने बुधवारची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून दाखवली. पहिल्या बदलाला जेमतेम तास. बुधवारी सकाळी सातला निघायचं, बुधवारीच रात्री दहाला पोचायचं. काकांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सात ते दहा. पंधरा तास! बघा, सांगत नव्हतो?"

"काका, ते दहा तिथल्या घड्याळाचे आहेत. तिथली वेळ आपल्या मागे असते. प्रवास चोवीस तासांचाच आहे. आणि पहिलं विमान जरा जरी लेट झालं, तर पुढचं गेलंच समजा."

"विमान काय एसटी आहे लेट व्हायला?" काका हसले. "माप म्हणजे माप, बाई."

काकू शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना सगळं स्वच्छ कळत होतं. अहो, सोमवारचं घ्या, एवढं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. तिकीटवालीनेही त्यांच्याकडे आशेने पाहिलं. पण परक्या बाईसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं? त्यांनी पर्सची चेन उघडली आणि लावली. घरी गेल्यावर बोलू, असं ठरवलं. घरी जाईपर्यंत तिकिटं निघालेली होती.

पुढे काय झालं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. पहिलं विमान माणसं भरून, दारं लावून धावपट्टीच्या कडेला उभं राहिलं ते तासाहून जास्त. कसलीशी तपासणी चालली होती. काका विमानातल्या छोट्या पडद्यावर अंतर बघत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला त्याचा अर्थ समजावून देत होते. उतरले तोवर पुढचं विमान निघून गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने तिकिटं हातात घेऊन पाहिली आणि सांगितलं, ही दोन वेगळी तिकिटं आहेत, याला आमची जबाबदारी नाही. पुढच्या विमानात जागा उद्या दुपारनंतर.

काकांनी तिला मोबाइलवरची कमान दाखवली. खरोखर दाखवली. ती मुलगी सभ्य होती, तिने पाहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मग लोखंडी हातांच्या खुर्च्या, ज्यांवर आडवं होता येत नाही. गार हवा. कुठल्यातरी भाषेतल्या अखंड सूचना. बुधवार गेला आणि गुरुवार उजाडला तरी ती दोघं तिथेच होती. काकू दुपट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. काकांनी एवढ्या वेळात तीनदा खाल्लं, दोनदा डुलकी काढली आणि सगळ्या विमान कंपन्या कशा चोर आहेत ते चार प्रवाशांना सांगितलं. आपण चुकलो, हा विचार त्यांच्या आसपासही फिरकला नाही.

तिकडे सकाळ झाली तेव्हा इकडे दुपार होती. फोन आला तो काकांच्या मोबाइलवर, कारण विमानतळाचं इंटरनेट त्यांच्याच फोनला लागलं होतं. पडद्यावर लेकीचा चेहरा दिसला. केस निळ्या टोपीत घातलेले, अंगात दवाखान्याचा झगा.

"बाबा, मला पाचच मिनिटं दिलीत. आई कुठे आहे?"

"आहे ना, इथेच आहे. पण तू आधी ऐक. काय झालं, ह्या लोकांनी विमान उभं करून ठेवलं. तासभर! नाहीतर आपलं गणित बरोबर होतं. पंधरा तासांत..."

"बाबा, आईला द्या ना."

"देतो, देतो. तुला कळायला पाहिजे चूक कुणाची ते. आता बघ, अंतर काय आहे..."

काकूंनी हात पुढे केला. काकांनी कोपराने तो बाजूला सारला; मुद्दाम नव्हे, बोलण्याच्या भरात, पण सारला. काकूंना पडद्याची कडा दिसत होती, आणि त्या कडेला लेकीचा अर्धा गाल. "अहो, द्या," त्या म्हणाल्या. "अहो!" काका आपल्या हकिकतीत धावपट्टीवर पोचले होते. मागून कुठल्यातरी बाईचा आवाज आला, छत दिसलं, एक दिवा सरकत गेला आणि फोन बंद झाला.

"बघितलंस?" काका म्हणाले. "मधेच ठेवला. हिला समजून घ्यायचंच नसतं."

काकूंना त्या क्षणी आपल्या नवऱ्याची किळस आली. राग नव्हे, राग त्यांनी अनेकदा गिळला होता. ही निव्वळ किळस होती, आणि ती गिळता येईना. त्या उठल्या आणि दोन रांगा सोडून, त्यांच्याकडे पाठ करून बसल्या.

ती दोघं पोचली ती शुक्रवारी सकाळी. मुलगी झाली होती. बाळ ठीक, बाळंतीण ठीक, पण पांढरीफटक. जावई धरणावरून धावत आलेला, त्याच्या बुटांना अजून चिखल. तो सासूसाठी खुर्ची ओढून चहा आणायला गेला. काकूंनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला, तो तिने राहू दिला, एवढंच.

काकांनी मात्र गळ्यातला टेप काढला आणि नातीची लांबी मोजली. "नर्सने अर्धा इंच जास्त लिहिलाय," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुलूपवाला. काकांनी ऐटीत खिडकीशी जाऊन फोन उचलला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"पोचलो की! नात झाली, नात! प्रवास? काही नाही रे, चौदा-पंधरा तास. मधे त्या विमानवाल्यांनी जरा घोळ घातला, पण तो काही प्रवासात धरायचा नसतो. मी म्हणत नव्हतो? पोरीचं आपलं काहीतरीच..."

काकू उठल्या. त्यांनी काकांच्या कानाला लावलेला मोबाइल काढून घेतला. काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"भाऊ, मी बोलतेय," काकू म्हणाल्या. "दोन दिवसांच्या वर लागले. नीट तिकीट काढलं असतं तरी दीड दिवस लागतो. आमची पोरगी पहिल्यापासून खरं सांगत होती. ह्यांच्या हट्टापायी मी वेळेवर पोचले नाही. तिला एकटीला आत जावं लागलं. हे गल्लीत सगळ्यांना सांगा. आणि तुमच्या दुकानाचा पडदा ह्यांनी चुकीचा मापला होता, तो मी उसवून लांब केला होता. सगळ्यांचेच केलेत. ठेवते."

पलीकडे कुलूपवाल्याचा चावी घासणारा हात बहुधा थांबला असावा. काकूंनी फोन काकांच्या हातात ठेवला. त्यांना छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. बोललो आपण. अखेर बोललो. आता लेक हात पुढे करील, अशा आशेने त्या पलंगाकडे वळल्या.

"काहीतरीच काय!" काका पुटपुटले. "माझं माप..." जावई चहा घेऊन दारात उभा होता, त्याच्याकडे बघून काकांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि टेप गुंडाळायला घेतला.

लेक आईकडे टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"म्हणजे तुला बोलता येतं," ती म्हणाली.

"अगं..."

"आजी गेली तेव्हाही तुला सगळं माहीत होतं. बाबांचं मला काही वाटलं नव्हतं गं, आई. ते तसेच आहेत. मी उंबऱ्यात उभी राहून तुझ्याकडे बघत होते. चार वर्षं मी आले नाही, ती काय बाबांमुळे, असं वाटलं तुला?"

काकू उभ्या होत्या तशाच खुर्चीवर टेकल्या. पाळण्यात बाळ रडायला लागलं. काकूंनी हात पुढे केले, पण लेकीने एका हाताने पोटावरचे टाके सांभाळत, ओठ दाबून, स्वतःच वाकून बाळाला उचललं आणि कूस भिंतीकडे केली.